मॉरिशससारख्या छोट्या देशाची अर्थव्यवस्था वाचायची कशी: एक वही, पाच रकाने

एखाद्या देशाची अर्थव्यवस्था समजून घ्यायची म्हटलं की आपण सवयीने जीडीपी वाढीचा दर, महागाई आणि बेरोजगारी असे तीन आकडे शोधतो आणि मत बनवून मोकळे होतो. भारतासारख्या अवाढव्य देशाला ते थोडंफार चालून जातं, कारण इथं बराचसा माल इथंच बनतो आणि इथंच खपतो. पण ज्या देशाची लोकसंख्या पुणे शहराच्या निम्मीसुद्धा नाही, जो आपलं तीन चतुर्थांश अन्न जहाजाने आणतो, तिथं हे तीन आकडे म्हणजे ताप किती आहे एवढंच सांगणारं थर्मामीटर, आजार कुठला ते नाही सांगत. म्हणून मी अशा देशांसाठी एक पद्धत वापरतो, ती इथं मॉरिशसवर करून दाखवतो. मॉरिशसच का, तर मी उसाच्या पट्ट्यातला, घरी दोन पिढ्या ऊस, त्यामुळे या बेटाकडे मी साखरेच्या वाटेने पोचलो, आणि दुसरं म्हणजे तिथल्या उसाला आपल्या कोकणातल्या माणसांचे हात लागलेत. १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे ठराविक वर्षांच्या करारावर, मजूर न्यायला सुरुवात झाली, त्यात मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची माणसं होती. ज्वालामुखीच्या जमिनीतले दगड वेचून त्यांनी शेतं केली, त्या दगडांचे ढीग अजूनही तिथल्या उसाच्या रानात उभे आहेत. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते ती त्यांच्यामुळे.

आधी शब्द सोडवून घेऊ. 'छोटी खुली अर्थव्यवस्था' यातलं छोटी म्हणजे जगाच्या बाजारात भाव ठरवायची ताकद नाही. वाशी मार्केटला दहा क्रेट टोमॅटो घेऊन गेलेला शेतकरी भाव विचारतो, सांगत नाही, तसं. आणि खुली म्हणजे बाहेरून आणल्याशिवाय आणि बाहेर विकल्याशिवाय चूलच पेटत नाही. मॉरिशसची आयात आणि निर्यात एकत्र केली (माल आणि सेवा दोन्ही) तर ती देशाच्या जीडीपीच्या आसपास जाते, कधी वरही.

आकार डोळ्यासमोर आणायला गोवा घ्या. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, मॉरिशस रॉड्रिग्ज बेट धरून साधारण २,०४०, म्हणजे गोव्याच्या निम्म्यापेक्षा थोडंसं मोठं. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, गोव्यापेक्षा कमीच. पर्यटन दोघांकडे, समुद्र दोघांकडे. पण एक फरक आहे आणि सगळं गणित त्या फरकावर उभं आहे. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले, खाणपट्ट्यातली गावं पार हादरली, पण पेट्रोल आणायला डॉलर आहेत का हा प्रश्न पणजीत कोणाला पडला नाही, कारण ती काळजी रिझर्व्ह बँकेची. मॉरिशसला मागे उभी राहणारी अशी दिल्ली नाही. कमाईचा एक धागा तुटला की सरळ पेट्रोल, पीठ, औषधं यांचे पैसे कुठून द्यायचे इथपर्यंत प्रश्न येतो.

आता वही काढा. खरंच काढा, मोबाईलवर नको, कारण हे एका पानावर एकदम दिसायला पाहिजे. पाच रकाने आखा. पहिला, परकीय चलन कशातून येतं. दुसरा, ते कोणाच्या सहीवर येतं, म्हणजे बाहेरच्या कुठल्या सरकारने किंवा गटाने कुठली सवलत दिलीये म्हणून ते येतंय. तिसरा, ती सवलत कधी संपते. चौथा, ती चालू असताना आलेल्या पैशाचं देशाने काय केलं. पाचवा, ती संपली तेव्हा फटका कोणी सोसला. बहुतेक लेख पहिल्या रकान्यावर थांबतात, 'साखर, कापड, पर्यटन, वित्तसेवा असे चार खांब' एवढं लिहितात आणि संपलं. माझ्या मते खरी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात असते आणि देशाची अक्कल चौथ्यात.

पहिली ओळ साखरेची भरू, आणि ही जरा सावकाश भरा. १९६० च्या जानेवारी-फेब्रुवारीत आलिक्स आणि कॅरोल अशी लागोपाठ दोन चक्रीवादळं बेटावर आली, ऊस झोपला, घरं गेली. त्याच सुमारास जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांना अभ्यासाला बोलावलं गेलं आणि १९६१ ला त्यांचा अहवाल आला. लोकसंख्या वर्षाला जवळपास ३ टक्क्यांनी वाढतेय, जमीन आहे तेवढीच, पीक एकच, आणि समाज वेगवेगळ्या धर्म-वंशांत वाटलेला, त्यामुळे पुढचं चित्र त्यांना काळं दिसलं. याच मीडना १९७७ ला नोबेल मिळालं, म्हणजे माणूस कच्चा नव्हता. बरेच लोक 'नोबेलवाल्याचा अंदाज कसा चुकला' म्हणून ही गोष्ट सांगतात, मला ते पटत नाही, कारण भरपूर हातांना काम देणारे कारखाने काढा, मजुरी एकदम वाढू देऊ नका, कुटुंबनियोजन करा हे त्यांनीच सांगितलं होतं आणि पुढे बरंचसं झालंही तसंच. बाईमागे सहाच्या आसपास मुलं होती ती दोन-तीन दशकांत दोनच्या जवळ आली.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा मालाच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांच्या वर एकटी साखर होती. आता दुसरा रकाना. १९७५ ला युरोपियन गटाने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांशी लोमे करार केला, त्याला साखरेचा प्रोटोकॉल (जोडकरार) जोडला, आणि त्यात सगळ्यात मोठा कोटा मॉरिशसला मिळाला, वर्षाला जवळपास ५ लाख टन, एकूण कोट्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. भाव युरोपातल्या शेतकऱ्याला मिळतो त्याच्याशी बांधलेला, म्हणजे पुढच्या काळात बहुतेक वर्षं जागतिक भावापेक्षा कितीतरी वर, कधी दुप्पट-तिप्पट. यात एक बारकावा आहे. करार ठरत होता तेव्हा, १९७४ ला, खुल्या बाजारात साखरेचा भाव आभाळाला भिडलेला, अशा वेळी 'आम्हाला बांधील भावाचा मोठा कोटा द्या' म्हणणं सोपं नसतं. आपल्याकडे गुऱ्हाळवाला जास्त भाव देतोय म्हटल्यावर कारखान्याला ऊस घालायला किती जण तयार होतात आठवून बघा. मॉरिशसने वर्षाचा भाव न बघता पुढची तीस वर्षं बघितली.

तिसरा रकाना, कधी संपणार? इथं नीट लक्ष द्या कारण इथंच सगळे फसतात. त्या प्रोटोकॉलवर संपायची तारीखच नव्हती, बेमुदत होता. तरीसुद्धा तो संपला. आणि संपवायला सुरुवात केली ती करारात नसलेल्या लोकांनी. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, २००५ ला ते जिंकले, २००६ पासून युरोपने हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवायला घेतला, २००७ ला प्रोटोकॉलमधून बाहेर पडत असल्याचं कळवलं आणि ३० सप्टेंबर २००९ ला तो इतिहासजमा झाला. चार वर्षांत आपली एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ३६ टक्के खाली आणली तर कोल्हापूर-सांगलीत काय होईल याची कल्पना करा. म्हणून तिसऱ्या रकान्यात 'बेमुदत' असं कधीच लिहू नका. सवलत देणाऱ्यावर कोणाचा दबाव येऊ शकतो त्याचं नाव तिथं लिहा.

चौथा रकाना मला या देशाचा सगळ्यात आवडतो. साखरेच्या मळ्यांचे मालक बहुतेक फ्रेंच वंशाचे, सत्ता मात्र भारतीय वंशाच्या बहुसंख्यांच्या हातात आली, सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान. अशा जागी मळे ताब्यात घेऊन टाकायचा मोह किती मोठा असेल. तो आवरला. मळे मालकांकडेच ठेवले पण साखरेच्या निर्यातीवर कर बसवला, मोठ्यांना जास्त, आणि हा कर १९९४ पर्यंत टिकला. करातून शाळा, दवाखाने, पेन्शन चाललं. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट. आणि मालकांच्या हातात उरलेला पैसा देशाबाहेर पळाला नाही, बराचसा कापडाच्या कारखान्यांत आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गेला. म्हणजे युरोपच्या ग्राहकाने साखरेला जास्त पैसे मोजले त्यातून बेटावर शाळा आणि हॉटेलं दोन्ही उभी राहिली.

पाचव्या रकान्यात मात्र सगळं गोड नाही. १९८० च्या दशकात वीसेक कारखाने होते, आता तीनच राहिलेत. कामगारांना २००१ ला आणि परत २००७ ला स्वेच्छानिवृत्ती दिली, त्यात रोख रक्कम आणि जोडीला घरासाठी जमिनीचा तुकडा. हा जमिनीचा तुकडा फार महत्त्वाचा, कारण गिरण्या बंद झाल्यावर मुंबईत माणसांचं काय झालं हे आपण पाहिलंय आणि घराचा प्रश्न किती वर्षं लोंबकळला तेही. तरी हजारो छोट्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला, रानं पडीक राहिली. जे टिकले ते कच्च्या साखरेवर नाही, तर डेमेरारा, मस्कोव्हाडोसारख्या खास साखरा, घरीच रिफाइन केलेली पांढरी साखर आणि बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) वीज, यावर टिकले. कोजन (साखर कारखान्यातच वीज बनवणं) आपल्याकडे आलं त्याच्या आधीपासून ते लोक चिपाडाची वीज ग्रिडला देतायत.

दुसरी ओळ कापडाची, ही आता तुम्हाला स्वतः भरता येईल, मी फक्त दाणे टाकतो. १९७० ला निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा, ईपीझेड. हे कुंपण घातलेलं क्षेत्र नव्हतं, बेटावर कुठेही कारखाना काढा, सर्टिफिकेट घ्या, यंत्रं-कच्चा माल ड्युटी न भरता आणा. प्राध्यापक एद्वार लिम फात यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. सही कोणाची? दोन सह्या. १९७४ पासूनच्या मल्टी-फायबर करारात श्रीमंत देशांनी प्रत्येक देशाच्या कपड्यांवर कोटा लावलेला, हाँगकाँगवाल्यांचा कोटा भरून गेलेला, मॉरिशसचा रिकामा, आणि शिवाय लोमेमुळे इथून युरोपात माल विनाशुल्क जायचा. म्हणून हाँगकाँगचे व्यापारी आले, १९८४ ला हाँगकाँग चीनकडे परत जाणार हे नक्की झाल्यावर आणखी आले. एक लक्षात घ्या, सगळं भांडवल बाहेरचं नव्हतं, जवळपास निम्मं स्थानिक होतं, ते साखरेचंच. आणि शिलाई मशीनवर बसल्या त्या बायका, ज्या आधी पगारी कामात फारशा नव्हत्या. त्यांना पुरुषांपेक्षा कमी किमान वेतन लावलं होतं हेसुद्धा वहीत लिहा, 'चमत्कार' म्हणताना लोक हे गाळतात आणि ते बरोबर नाही. संपायची तारीख इथं छापील होती, १ जानेवारी २००५ ला कोटा पद्धत संपली, चीन-बांगलादेशाचा माल मोकळा सुटला, बरेच हाँगकाँगवाले निघून गेले, हजारो बायकांचं काम गेलं. आज जे कारखाने आहेत त्यात मशीनवर बांगलादेश, भारत, मादागास्करहून आलेले कामगार मोठ्या संख्येने दिसतात.

इथं मध्येच एक थांबा घ्या, कारण वरच्या दोन ओळी वाचून वाटेल की १९७० ला कायदा केला आणि झालं काम. नाही झालं. १९७३-७४ च्या साखरेच्या चढ्या भावाचा पैसा आला तेव्हा सरकारने खर्च वाढवला, पगार वाढले, मग भाव उतरले आणि तेल महागलं, आणि १९७९ ला मॉरिशसच्या रुपयाचं (त्यांचं चलनही रुपयाच) ३० टक्के अवमूल्यन करावं लागलं, १९८१ ला परत २० टक्के, आयएमएफकडे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे) जावं लागलं, बेरोजगारी वीस टक्क्यांच्या आसपास. १९८२ च्या निवडणुकीत विरोधकांनी मॉरिशस बेटावरच्या सगळ्याच्या सगळ्या ६० जागा जिंकल्या. ही डाव्या विचारांची मंडळी, पण अर्थमंत्री झाल्यावर पॉल बेरांजे यांनीही खर्च आवरायचाच रस्ता धरला. पुढे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या काळात, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, कारखाने धडाधड निघाले आणि दशक संपेपर्यंत कामगार मिळेनात अशी वेळ आली. यातून वाचण्याचा नियम असा काढा की धोरण आणि फळ यात दहा-पंधरा वर्षांचं अंतर धरा. आज दिसणाऱ्या वाढीचं श्रेय किंवा दोष आजच्या सरकारला देण्याआधी पंधरा वर्षं मागे जाऊन बघा.

तिसरी ओळ आपल्या घरातली आहे. १९८२ ला भारत आणि मॉरिशसमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्यानुसार मॉरिशसच्या कंपनीने भारतात शेअर विकून नफा कमावला तर कर लावायचा हक्क मॉरिशसला, आणि मॉरिशस अशा नफ्यावर कर लावतच नव्हतं. १९९१ नंतर भारताचा बाजार उघडला, १९९२ ला मॉरिशसने ऑफशोअर व्यवसायाचा (नोंदणी तिथं, धंदा परदेशात) कायदा केला, आणि कित्येक वर्षं भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीच्या यादीत हे एवढंसं बेट पहिल्या नंबरवर होतं, एकूण गुंतवणुकीचा साधारण तिसरा हिस्सा. पोर्ट लुई या राजधानीत आणि एबेन या व्यापारी वस्तीत वकील, अकाउंटंट, बँका, फंड सांभाळणारे यांची एक पूर्ण पिढी यावर उभी राहिली. सही कोणाची, दिल्लीची. संपली कधी, मे २०१६ ला करार बदलला, १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारत कर लावणार असं ठरलं, मधली दोन वर्षं निम्म्या दराने कर. २०१८-१९ मध्ये सिंगापूर पुढे निघून गेलं.

मला भारतीय म्हणून तो बदल योग्यच वाटतो, आपला कर आपल्याकडे यायला हवा होता. पण वही मॉरिशसची आहे तर त्यांच्या बाजूने बघा, त्यांच्यासाठी ही साखरेचीच गोष्ट परत घडली, आणि त्यांनी आधीच हात-पाय पसरलेले, आफ्रिकेतल्या गुंतवणुकीसाठी तोच सांगाडा वापरायला घेतला. शिवाय भारताशी १ एप्रिल २०२१ पासून नवा आर्थिक सहकार्य करार लागू झाला, भारताचा आफ्रिकन देशाशी झालेला असा पहिलाच. या ओळीत अजून एक सही लिहायची विसरू नका, एफएटीएफची, म्हणजे काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची. फेब्रुवारी २०२० मध्ये या संस्थेने मनी लाँडरिंगवरच्या देखरेखीत उणिवा आहेत म्हणून मॉरिशसला ग्रे लिस्टमध्ये (जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत) टाकलं, तिथून सुटायला ऑक्टोबर २०२१ उजाडलं.

याच ठिकाणी आकड्यांचा एक मोठा खड्डा आहे. मॉरिशसमध्ये नोंदलेल्या अशा ऑफशोअर, म्हणजे 'ग्लोबल बिझनेस' कंपन्यांचा पैसा कागदावरून इकडून तिकडे जातो, तो देशाच्या जीडीपीच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे परकीय गुंतवणुकीचा आकडा बघाल तेव्हा तो या कंपन्या धरून आहे की वगळून, हे तळटीपेत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी सुरुवातीला नाही बघितलं आणि दोन दिवस चुकीच्या तक्त्यावर घालवले.

चौथी ओळ पर्यटनाची. इथं कुठल्या सरकारची सही नाही असं वाटतं, पण विमान उतरायला पाहिजे आणि सीमा उघडी पाहिजे. २०१९ ला जवळपास १३ लाख ८० हजार पर्यटक आले, म्हणजे राहणाऱ्यांपेक्षा जास्त. मार्च २०२० ला सीमा बंद झाली, जुलैत वाकाशिओ जहाज आग्नेयेच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल खाडीत पसरलं, आणि त्या वर्षी जीडीपी जवळपास १५ टक्क्यांनी खाली आला. त्याच जुलैत वर्ल्ड बँकेने, आदल्या वर्षीच्या आकड्यांवर, मॉरिशसला 'उच्च उत्पन्न' गटात बसवलं होतं, पुढच्या जुलैत काढलं. मी सुरुवातीला आकड्यांबद्दल जे म्हणत होतो ते हेच.

आता चौथा रकाना बघा, कमाई थांबल्यावर या वेळी पैसा आला कुठून. बँक ऑफ मॉरिशस, म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक, तिने सरकारला ६,००० कोटी रुपये (त्यांचे रुपये) एकरकमी, परत न करण्याच्या बोलीवर दिले, आणि वर ८,००० कोटींची एक गुंतवणूक कंपनी काढून हॉटेलांसकट अडचणीतल्या मोठ्या कंपन्यांत पैसा घातला. नोकऱ्या वाचल्या, हे खरं. पण छोट्या खुल्या देशात छापलेला रुपया शेवटी डॉलर मागायला जातो कारण दुकानातलं बहुतेक सगळं बाहेरून आलेलं असतं. डॉलरला ३६-३७ रुपये होते ते २०२२ पर्यंत ४५ च्या घरात गेले. त्यात युक्रेनचं युद्ध, जहाजाचं भाडं, तेल. हॉटेलवाल्याला आणि कापडवाल्याला स्वस्त रुपया बरा, कारण त्याची कमाई युरोत आणि डॉलरमध्ये, पगार रुपयात. पण फ्लाक या तिथल्या जिल्ह्यातली पेन्शनवर जगणारी आजी दुधाची पावडर विकत घेते ती न्यूझीलंडहून किंवा युरोपातून आलेली असते, तिला तो रुपया महागात पडतो. म्हणून विनिमय दर हा कमावणाऱ्या आणि खर्च करणाऱ्या यांच्यातला वाटणीचा आकडा समजून वाचा, झेंड्याच्या अभिमानाचा नाही.

याच्या शेजारी गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, लिहा, पण डॉलरमध्ये नको, महिन्यांत लिहा, किती महिन्यांच्या आयातीला पुरेल. तीन महिन्यांच्या खाली आली तर झोप उडायला पाहिजे असा जुना ठोकताळा आहे. श्रीलंका आठवा. २०१९ च्या शेवटी व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, मग कोविडने पर्यटक गेले, २०२१ ला रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली, आणि एप्रिल २०२२ ला परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली, पेट्रोलच्या रांगा आपण टीव्हीवर बघितल्या. मॉरिशसलाही पर्यटनाचा तेवढाच, कदाचित मोठा धक्का बसला होता, पण गंगाजळी हाताशी होती, आणि १५ टक्के व्हॅट होता तो तसाच ठेवला होता. दोन बेटं, एकच समुद्र, दोन वेगळी पानं.

आकडे कुठे मिळतात, तर तीन दरवाजे पुरेत. स्टॅटिस्टिक्स मॉरिशसची साइट, बँक ऑफ मॉरिशसचं मासिक बुलेटिन आणि आयएमएफचा आर्टिकल फोर अहवाल, म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेच्या नेहमीच्या तपासणीचा अहवाल. आयएमएफचा अहवाल उघडलात की सुरुवातीची गोड भाषा सोडून सरळ मागच्या तक्त्यांवर जा, तिथं बॅलन्स ऑफ पेमेंट्सचा (देशात आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पैशाच्या हिशेबाचा) तक्ता सापडेल, तुमचा पहिला रकाना त्यातूनच भरतो. वर्ष जुलै ते जून असतं, बजेट साधारण जूनमध्ये, त्यामुळे आकडे जुळवताना कॅलेंडर वर्ष आणि आर्थिक वर्ष यात गल्लत करू नका. आणि एकाच ठिकाणच्या आकड्यावर घर बांधू नका. नोव्हेंबर २०२४ ला सत्ता बदलली, नवीनचंद्र रामगुलाम पंतप्रधान म्हणून परत आले, आणि डिसेंबरात नव्या सरकारने आधीच्या सरकारचे वाढीचे आकडे फुगवलेले होते असं जाहीर केलं. सत्तेवर आलेला प्रत्येक जण मागच्याच्या हिशेबावर बोट ठेवतोच, पण तुम्ही आयातीचा, पर्यटकांचा, विजेच्या वापराचा आकडा शेजारी लिहिला असेल तर कोणाचं किती खरं ते स्वतः ताडता येतं.

शेवटची ओळ कमाईची नाही, देण्याची आहे, पण तिला पण पाच रकाने लावता येतात. १९५८ पासून मॉरिशसमध्ये सगळ्या वृद्धांना सरकारी पेन्शन आहे, गरीब-श्रीमंत न बघता. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी एका गरीब वसाहतीने हे केलं, आणि कारखाने बंद पडत होते तेव्हा घरातल्या म्हातारीची पेन्शन चालू होती म्हणून लोकांनी बदल सहन केला असं माझं मत आहे. पण हे सुरू झालं तेव्हा घरात सहा मुलं होती, आता दीडसुद्धा नाही. जानेवारी २०२० ला निवडणुकीतल्या आश्वासनाप्रमाणे पेन्शन एकदम ९,००० रुपये झाली, नंतर आणखी वाढत गेली, आणि जून २०२५ च्या बजेटमध्ये वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करायचं जाहीर झालं, लोक रस्त्यावर उतरले. इथं सही बाहेरच्या कोणाची नाही, स्वतःच्याच मतदारांची आहे, आणि संपायची तारीख जन्मदराच्या तक्त्यात लिहिलेली असते.

पद्धत हाताला बसली का ते तपासायला फिजी घ्या. तिथंही ऊस, तिथंही गिरमिटिये, साखरेच्या प्रोटोकॉलची तीच सही आणि तीच ३० सप्टेंबर २००९ ची तारीख, म्हणजे पहिले तीन रकाने जवळजवळ मॉरिशसचेच उतरवता येतील. मग चौथ्या रकान्यावर या. तिथं ऊस पिकवणारा बहुतेक भारतीय वंशाचा, पण जमीन मूळ फिजियन कुळांच्या मालकीची आणि भाडेपट्ट्याने घेतलेली, पट्टे १९९७ पासून संपत गेले, त्याआधी १९८७ ला एकाच वर्षात दोन लष्करी उठाव झाले आणि शिकलेली माणसं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघाली. एका पानावर फिजी, समोरच्या पानावर मॉरिशस असं मांडा आणि साखरेचा पैसा कुठल्या ओळीपासून वेगळ्या वाटेला लागला तिथं पेन्सिलीने खूण करा.